रायबंदर–चोडण–दिवाडी फेरी : ओहोटी, रॅम्प आणि रांगेचा हिशोब

उगवतीचा

नार्वे, मये, पिळगाव या बाजूने पणजीला रोज ये-जा करणाऱ्यांसाठी हा धागा. फेरीबोटीचं वेळापत्रक धक्क्यावर लावलेलं असतं, ते इथे उतरवू नका. वेळापत्रकात जे नसतं ते लिहा.

माझे प्रश्न असे. एक, संध्याकाळी कधीकधी रांग हलतच नाही, बोट समोर लागलेली दिसते तरीही. का? दोन, कमी उंचीची मोटार रॅम्पवर घासते, त्याला काही उपाय? तीन, नार्वेहून दिवाडी बेट ओलांडून दोन फेऱ्या करणं बरं की मयेवरून चोडणला येऊन एकच फेरी करणं? चार, बोटी मध्येच बंद का पडतात?

पुलाचा विषय काढायचा असेल तर निदान आकडे घेऊन या.

तारीवरचा

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, तो सोपा आहे.

दिवाडीला पूल नाही. तीन बाजूंनी फेरी आहे: जुन्या गोव्याहून, रायबंदरच्या पुढच्या सांपेद्रहून आणि पलीकडे नार्वेहून. चोडणचं तसं नाही. चोडणला डिचोली-मये बाजूने रस्त्याने येता येतं, मग चोडणच्या माडेल धक्क्यावर रायबंदरची फेरी धरायची. पोंबुर्पा बाजूलाही चोडणहून फेरी जाते.

म्हणजे नार्वेहून दिवाडीमार्गे आलात तर अंतर कमी पण बोटी दोन. चोडणमार्गे अंतर जास्त, बोट एक. दोन बोटींमध्ये खरी अडचण ही की पहिली पाच मिनिटं उशिरा आली तर दुसरी चुकते, आणि मग पाचाची वीस होतात. दुचाकी असेल तर दिवाडीचा रस्ता धरा, कारण दुचाकीला जवळजवळ प्रत्येक बोटीत जागा मिळते. चारचाकी असेल तर चोडण. चारचाकी घेऊन दोन ठिकाणी रांगेत उभं राहणं म्हणजे पैसे न देता विकत घेतलेली डोकेदुखी.

पर्यटकांसाठी जाता जाता: सलीम अली पक्षी अभयारण्य चोडणच्या धक्क्याला लागूनच आहे, १.७८ चौरस किलोमीटरची खारफुटी. तिथे जायला मोटार बोटीत चढवायची काही गरज नाही. रायबंदरला ठेवा, चालत बोटीत चढा.

भरतीओहोटी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पंचांगात आहे, चेष्टा नाही.

कोकणातला जुना हिशोब सगळ्यांना माहीत असेल: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, येईल ती भरतीची वेळ. पंचमीला पंधरा भागिले चार, पावणेचार. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. अष्टमीला सहा. अर्ध्या-पाऊण तासाची चूक धरून चला. नेमकं हवं तर मुरगावचं भरतीचं कोष्टक बघा. मांडवीत जसजसं वर जाल तसतशी भरती उशिरा पोचते, त्यामुळे सारमानस-टोंकच्या बाजूला पणजीची वेळ लागू करू नका.

आता गंमत बघा. पुनव-अवसेला उधाण असतं, म्हणजे पाणी सर्वात जास्त चढतं आणि सर्वात जास्त उतरतं. त्या दिवशी भरती सव्वाअकरा-बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सहा तासांनी: संध्याकाळी साडेपाच-सहाला. दर पंधरवड्याला हेच. महिन्यातलं सर्वात खोल उतरलेलं पाणी नेमकं ऑफिस सुटायच्या वेळेला येतं, आणि पहाटे तेवढ्याच वाजता पुन्हा. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते पण तेव्हा भांग असतो, पाणी फारसं उतरत नाही, कुणाच्या लक्षातही येत नाही.

त्यामुळे ‘संध्याकाळी कधीकधी’ हे तुमचं कधीकधी म्हणजे पुनव-अवस आणि त्यापुढचे दोन-तीन दिवस. कॅलेंडर काढून ताडून बघा.

उगवतीचा

हे डोक्यात कधीच आलं नव्हतं. पण पाणी कमी झालं म्हणून रांग का थांबावी? बोट तर धक्क्याला लागलेली असते.

नटबोल्ट

कारण तुमचा धक्का म्हणजे भिंत नाही, उतार आहे. उताराचं गणित करा.

समजा उतार आठास एक आहे, म्हणजे आठ मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. आपल्याकडे उधाणाला पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. म्हणजे पाण्याची कड उतारावर सोळा मीटर मागेपुढे होते. भरतीला मोटार जिथे बोटीत चढते तिथून ओहोटीला तिला आणखी सोळा मीटर खाली जावं लागतं, आणि ते सोळा मीटर दिवसातून दोनदा पाण्याखाली असतात. म्हणजे गाळ, शेवाळ. उतरताना ब्रेक लावला की चाक सरकतं, चढताना फिरतं. एक वाहन अडकलं की मागची रांग संपली.

दुसरं म्हणजे पाणी एकसारखं उतरत नाही. ओहोटीचे सहा तास धरा. एकूण जेवढं पाणी उतरतं त्याचा पहिल्या तासात बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी जातं. आठास एकच्या उतारावर दोन तासांत आठ मीटर. सारंगाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, प्रत्येक फेरीला बोट थोडी वेगळ्या जागी टेकवावी लागते. एकदा नीट बसली नाही की मागे घ्यायची, पुन्हा यायचं. त्यात तीन-चार मिनिटं गेली.

आता नदीचा वेळ काढू. बोटीचा वेग सेकंदाला अडीच मीटर, म्हणजे ताशी नऊ किलोमीटर. पात्र अर्धा किलोमीटर धरा. सरळ गेली तर दोनशे सेकंद. प्रवाह सेकंदाला एक मीटर असेल तर बोटीचं नाक प्रवाहाच्या विरुद्ध दिशेला साधारण चोवीस अंश वळवून धरावं लागतं आणि वेळ लागतो दोनशे अठरा सेकंद. एवढा जोराचा प्रवाह, आणि फरक अठरा सेकंदांचा.

आणि धक्क्यावर? आठ मोटारी, प्रत्येकीला चढायला तीस सेकंद, उतरायला वीस. चारशे सेकंद. त्यात एकीची खालची बाजू घासली आणि ती मागे घेतली की झाले दोन मिनिटं जादा. लोक बोटीच्या इंजिनाला शिव्या देतात, वेळ खातो तो काठ.

स्कूटरवाली

नटबोल्ट, हिशोब पटला. दुचाकीवाल्यांसाठी यातून निघणाऱ्या चार गोष्टी लिहून टाकते.

ओल्या उतारावर पुढचा ब्रेक दाबू नका. पहिल्या गिअरमध्ये, गिअर नसलेली असेल तर मागच्या ब्रेकवर, दोन्ही पाय टेकत उतरा. बोटीच्या लोखंडी रॅम्पवर आडव्या पट्ट्या असतात, त्या घासून गुळगुळीत झाल्या की पावसात साबणासारख्या. रॅम्पवर वळू नका. सरळ चढा, डेकवर पोचल्यावर वळवा. मागे कुणी बसलं असेल तर वर थांबतानाच उतरवा.

साडी, ओढणी, रेनकोटचं टोक चाकापासून लांब. आणि डेकवर उभी केल्यावर साइड स्टँडची बाजू बघा: बोट कलते तेव्हा उलट्या बाजूला कललेली स्कूटर पहिली पडते, आणि ती एकटी कधी पडत नाही.

नटबोल्ट

मोटारींचं राहिलं.

घासण्याचं कारण गाडीची उंची एवढंच नसतं. जमिनीचा उतार खाली येतो आणि बोटीचा रॅम्प वर जातो, त्या सांध्यात पुढचा बंपर टेकतो. पुढे रॅम्प संपून सपाट डेक लागतो, तिथे गाडीचं पोट टेकतं. उपाय तीन. आत एकटा चालक ठेवा, बाकीच्यांना चालत चढू द्या. पाच माणसं म्हणजे साडेतीनशे किलो, स्प्रिंगा दबतात आणि मागचा भाग खाली जातो. थोडं तिरकं चढा, म्हणजे एक चाक आधी वर जातं; पण खलाशाने हात केला तरच, कारण बाजूला जागा लागते. आणि थांबू नका. मध्येच थांबलं की बंपर टेकतो, कारण ब्रेकने पुढची बाजू दबते.

डेकवर: इंजिन बंद, हँडब्रेक, गिअरमध्ये. रात्री पुढचे दिवे बंद, नाहीतर सारंगाच्या डोळ्यांवर येतात आणि त्याला काळं पाणी दिसत नाही. काचा खाली, पट्टे सोडलेले, दरवाजे कुलूप न लावता. गाडीत बसून राहायची सवय आहे लोकांना, एसी लावून. बोटीत हे करू नये. लाइफ जॅकेट कुठे आहेत ते चढल्या चढल्या बघून ठेवा.

खलाशी मोटार डावीकडे घ्या म्हणतो आणि लोक भांडतात, त्यामागचं गणितही सांगतो. बोटीचा पाण्याला टेकलेला भाग वीस बाय सात मीटर धरला तर एकशेचाळीस चौरस मीटर. एवढी बोट एक सेंटिमीटर खाली बसायला एक हजार चारशे किलो लागतात. म्हणजे एक बऱ्यापैकी मोठी मोटार चढली की बोट सेंटिमीटरभर बसते. आठ चढल्या की आठ सेंटिमीटर, काही विशेष नाही. पण हेच वजन एका टोकाला आलं तर ते टोक कितीतरी जास्त खाली जातं, दुसरं उचलतं. भरलेला टेम्पो आधी मध्ये का घेतात, हे त्याचं उत्तर. आणि टोकाला वजन राहिलं की बोट रॅम्पवर रुतते, पाणी उतरत असेल तर सुटताना मग आणखी जोर लावावा लागतो.

पावसाळ्यात नदी गोडी होते. गोड्या पाण्यात बोट अडीच टक्के जास्त बसते. मीटरभर पाण्यात बुडणारी बोट अडीच सेंटिमीटर, म्हणजे न दिसणाऱ्या दोन-अडीच मोटारी कायम चढलेल्या.

तारीवरचा

पावसाळ्याचं आणखी. जून ते सप्टेंबर वरून पुराचं गढूळ पाणी येतं, ते हलकं असल्यामुळे वरच्या थरात समुद्राकडे वाहत राहतं आणि खालून भरतीचं खारं पाणी आत शिरतं. त्यामुळे भरती चढतेय असं कोष्टक म्हणतं आणि बोट मात्र पणजीच्या दिशेला ढकलली जाते. जे कोष्टकावर विसंबून काठावरून सारंगाला सल्ले देतात त्यांनी हे लक्षात ठेवावं. पाण्याबरोबर ओंडके, केळीची खोडं, बांबू येतात. संध्याकाळी दिसत नाहीत.

पणजी–बेतीला दुपारनंतरचा वारा त्रास देतो, कारण तिथून नदीचं तोंड जवळ. दिवाडीला थंडीत पहाटेचं धुकं. समोरचा काठ दिसेना झाला की फेरी थांबते आणि ती थांबायलाच हवी. डिसेंबर-जानेवारीत सातच्या आधीची बोट धरून कुणाला विमान गाठायचं असेल तर तासभर हाताशी ठेवा.

इंजिनरूम

चौथा प्रश्न माझा. बोटी बंद पडतात त्याची कारणं, माझ्या मते वारंवारितेच्या क्रमाने:

सर्वात वरचं कारण गाळणी. इंजिन थंड करायला नदीचं पाणी आत ओढलं जातं, तोंडाशी गाळणी असते. आपली बोट उथळ पाण्यात उतारावर तळ टेकवून उभी राहते, बोट ढकलणारा पाण्यातला पंखा चालूच असतो, तो चिखल ढवळतो आणि तोच चिखल, त्यात प्लास्टिकच्या पिशव्या, गाळणीत जातात. तापमानाचा काटा चढतो. शहाणा ड्रायव्हर लगेच वेग कमी करतो आणि पलीकडे लागल्यावर गाळणी उघडतो. दोन गाळण्या जोडीने बसवलेल्या असतील तर एक चालू ठेवून दुसरी धुता येते, पाच मिनिटांचं काम. दुर्लक्ष केलं तर पाण्याच्या पंपाचं रबरी चाक जळतं आणि मग बोट ओढून न्यावी लागते. गाळाच्या नदीत बाहेरचं पाणी आत न घेणारी, तळाला बसवलेल्या नळ्यांतून थंड होणारी पद्धत बरी. नव्या बोटी मागवताना हे विचारायला हवं.

दुसरं, पंख्यात जाळं. नायलॉनची दोरी किंवा जाळ्याचा तुकडा गुंडाळला की बोट थरथरते, फेरे कमी होतात, काळा धूर येतो. आधी न्यूट्रल, मग हलकेच उलटं फिरवून बघायचं. निघालं तर ठीक. नाही निघालं तर माणूस पाण्यात उतरवून सुरीने किंवा हॅकसॉ ब्लेडने कापायचं. जोर लावून चालवत राहिलं तर दोरी वितळून पंख्याच्या शाफ्टच्या सीलमध्ये घुसते आणि दुरुस्ती गोदीवर जाते.

शाफ्ट जिथून बाहेर पडतो तिथे पॅकिंग असतं. त्यातून थोडे थोडे थेंब पडायलाच हवेत, तेच त्याला थंड ठेवतात. थेंब बघून कुणीतरी उत्साहाने नट आवळतं, शाफ्ट तापतो, खाच पडते, आणि मग थेंबांऐवजी धार लागते. रात्री बांधून ठेवलेली बोट सकाळी एका बाजूला कललेली दिसली तर आधी इथे बघा, मग तळाचा पत्रा.

रॅम्प उचलणारी तार. खारी हवा, चिखल, दिवसातून शंभरदा वर-खाली. तुटलेल्या तारा हातमोज्याला अडकू लागल्या की ती तार बदलायची, ग्रीस फासून लपवायची नाही. रॅम्पच्या बिजागऱ्यांच्या पिनाही तशाच झिजतात. वाहन चढताना ठक असा आवाज येतो तो त्याचाच.

तळाला शिंपल्यांसारखे जीव चिकटतात, बोट जड होते, डिझेल जास्त जातं. खरवडून रंग लावायला गोदीवर चढवावी लागते, पत्र्याची जाडी मोजायची ती तेव्हाच. जस्ताचे ठोकळे लावलेले असतात, ते पत्र्याऐवजी स्वतः झिजावेत म्हणून. निम्मे झिजले की बदलायचे. लोक ते रंगवून टाकतात! रंगवलेला जस्ताचा ठोकळा म्हणजे नुसतं वजन.

बोट गोदीवर गेली की मार्गावर एक कमी होते. बदली बोट ठेवलेली नसेल तर देखभाल पुढे ढकलली जाते, आणि ढकललेली देखभाल पावसाळ्यात मधल्या पात्रात भेटते. पावसाळ्याच्या तोंडावर किती बोटी गोदीवरून उतरल्या, हा प्रश्न ग्रामसभेत विचारण्यासारखा आहे.

पुलवादी

सगळं ज्ञान उत्तम. पण आकडे मागितलेत म्हणून देतो. एका बोटीची जाऊन-येऊन फेरी वीस मिनिटांची, म्हणजे तासाला एका दिशेने तीन. आठ मोटारी गुणिले तीन, चोवीस. दोन बोटी लावा, अठ्ठेचाळीस. पुलाची एक मार्गिका तासाला शेकड्यांनी मोटारी घेते. गाळणी कितीही स्वच्छ ठेवा, हे अंतर भरणार नाही.

तारीवरचा

मोटारी मोजल्या तर बरोबर. माणसं मोजा. त्याच बोटीत शंभर माणसं मावली तर दोन बोटी तासाला सहाशे नेतात. अठ्ठेचाळीस मोटारींत, आपल्याकडे एका मोटारीत सरासरी दीड माणूस धरला तर, बहात्तर. रायबंदरच्या काठावर मोटार ठेवायला जागा आणि बोटीच्या वेळेला जोडलेली कदंबची सरकारी बस, एवढ्याने रांग निम्मी होईल.

आणि पुलाबद्दल एक. ५ जुलै १९८६ ला पणजीचा मांडवी पूल कोसळला, तेव्हा पणजी–बेतीची सगळी भिस्त पुन्हा बोटींवरच आली. पूल बांधा, पण तार, म्हणजे ही फेरी, मोडू नका.

पुलवादी

तार मोडा असं कुठे म्हटलं? कोर्जुवेला पूल झाला, शिवोली–चोपडेला झाला, दोन्हीकडच्या लोकांना विचारा फेरी परत हवी का.

खाजनकाठ

शिवोली–चोपडे हा किनाऱ्याचा मुख्य रस्ता, दिवाडी म्हणजे भातशेतीचं बेट. दोन्ही एका मापाने मोजू नका. दिवाडीत पुलावर एकमत नाही, आणि त्याला कारण आहे. पण तो वेगळा धागा होईल.

मला नव्या, मोठ्या रो-रो फेरीबोटींबद्दल बोलायचंय. जुलै २०२५ मध्ये रायबंदर–चोडणवर गंगोत्री आणि द्वारका या दोन रो-रो बोटी आल्या. एका वेळी पंधराएक चारचाकी, वर दुचाकी आणि शंभर माणसं. चांगलंच. पण मोठी, वेगवान बोट म्हणजे मोठी लाट. चोडण-दिवाडीच्या खाजनांचे, म्हणजे नदीकाठच्या सखल शेतांचे, बांध मातीचे आहेत. लाटेची उंची दुप्पट झाली की तिचा मारा चौपट होतो. बांध फुटला की खारं पाणी शेतात, आणि एकदा मीठ शिरलेल्या शेतात दोन-तीन पावसाळे धुऊन काढल्याशिवाय धड पीक येत नाही. खनिजाच्या बार्जींनी हे करून दाखवलंय. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, जवळून जाताना वेग कमी, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ.

नटबोल्ट

मुद्दा रास्त, आणि वेग कमी केल्याने काही बिघडतही नाही. वर हिशोब दिलाय: वेग दुप्पट केला तरी अर्ध्या किलोमीटरच्या पात्रात वाचतात शंभर सेकंद. रो-रोचा फायदा वेगात नाही, डेकच्या रुंदीत आहे. एका वेळी जास्त मोटारी घेतल्यामुळे धक्क्याला टेकण्या-सुटण्याचा वेळ जास्त मोटारींत वाटला जातो. मात्र बोट मोठी झाली आणि उतार तोच अरुंद राहिला तर मोटारी एकेकच चढणार. रॅम्प रुंद करा, उतरणारी आणि चढणारी वाहनं वेगळ्या बाजूने घ्या, उताराचा खालचा भाग आठवड्यातून एकदा ओहोटीला घासून शेवाळ काढा. झाडू, पाण्याचा जोरदार पाइप आणि दोन माणसं. याला निविदा लागत नाही.

अजून एक. बोट लागलेली असताना सारंग पंखा चालू ठेवून ती उतारावर दाबून धरतो. त्या झोताने खालची माती उडते, खड्डा पडतो आणि थोडं मागे तिचाच ढीग साचतो. वर्ष-दोन वर्षांत रॅम्पचं टोक खालून पोकळ होतं आणि त्या ढिगावर ओहोटीला बोट टेकते. लोक म्हणतात नदीत गाळ भरला. तो गाळ बोटीनेच तिथे ठेवलेला असतो. गाळ उपसताना खड्डा दगडांनी भरला नाही तर पुढल्या वर्षी तेच.

स्कूटरवाली

सौर फेरीचं काय झालं? २०२२ मध्ये गाजावाजा झाला होता. साठ माणसांची.

इंजिनरूम

फक्त माणसांची, वाहनांची नाही, हाच तिचा पेच. केरळात वैक्कम–तवणक्कडवूला २०१७ पासून पंचाहत्तर जणांची ‘आदित्य’ चालते, सुरळीत. कारण तिथे लोक आधीपासून चालत येऊन बोटीत बसत होते. आपल्याकडे प्रवासी स्कूटरसकट येतो, आणि जुन्या फेरीबोटीत चालणाऱ्याला आणि दुचाकीला पैसेही पडत नव्हते. २०२३ च्या नोव्हेंबरात दुचाकीला तिकीट लावायचं घाटलं तेव्हा केवढा विरोध झाला ते आठवा, मागे घ्यावं लागलं. फुकट स्कूटर सोडून माणूस सौर बोटीत का बसेल, जोवर पलीकडे बस उभी नाही?

कोचीच्या जलमेट्रोकडून घ्यायची गोष्ट बोट नाही, तरंगता धक्का. तो पाण्याबरोबर वर-खाली होतो, म्हणून डेक आणि धक्का कायम एका पातळीत. म्हातारी माणसं, व्हीलचेअर, कुणालाच उतार नको. नुसत्या प्रवाशांच्या बोटीला हे सहज जमतं. मोटारींसाठी करायचं तर काठापासून धक्क्यापर्यंत लांब हलता पूल हवा, खर्चिक काम.

आंद्रेकर

थोडं अवांतर: केरी–तेरेखोल फेरीला हेच नियम लावायचे का?

भरतीओहोटी

नाही. ती नदीच्या तोंडाशी आहे. तिथे समुद्राची लाट आत येते आणि वाळूचा दांडा सरकत असतो. मोठ्या ओहोटीला पाणी पुरत नाही म्हणून फेरी थांबते, रॅम्प कितीही चांगला असला तरी. किल्ला बघायला जायचं तर भरतीच्या आधी-नंतरचे दोन तास धरा. थांबलीच तर किरणपाणीहून पुलाने आरोंद्याला आणि तिथून वळसा. परतीची वेळही आधीच काढा, जाणारे सगळे जाण्याचीच काढतात.

उगवतीचा

देव बरें करूं सगळ्यांचें. शेवटचं: येत्या सोमवारी अमावास्या आहे आणि साडेपाचला रायबंदरहून पलीकडे जायचंय, मोटारीने, घरची चार माणसं घेऊन. काय करू?

तारीवरचा

पात्रांव, साडेपाच सोडा. चार वाजता धक्क्यावर या किंवा थेट साडेसातनंतर. मधल्या वेळेतच यायचं असेल तर चौघांना रॅम्पच्या वर उतरवा, चालत चढू द्या. पुढे चुकून जुन्या गोव्याच्या धक्क्याकडे वळू नका, त्या वेळेला तिथेही तोच उतार.

नटबोल्ट

आणि डिकीतलं सामान पुढच्या सीटवर. मागचा बंपर उतरतानाही घासू शकतो.